एका मताचा फरक: नव्या मतदान पथकाचं एक प्रकरण

दुपारचा एक वाजलेला. दर दोन तासांनी कळवायचा आकडा द्यायची वेळ. दुसऱ्या मतदान अधिकाऱ्याने १७-अ, म्हणजे मतदारांच्या नोंदवहीतला शेवटचा अनुक्रमांक वाचला: ४६८. तिसऱ्याने मतदान यंत्राच्या कंट्रोल युनिटवरचं (सीयू) ‘टोटल’ दाबलं: ४६४. दोघांचीही ही पहिलीच निवडणूक. चार मतं कुठे गेली, म्हणून तिसऱ्याचा चेहरा पडला आणि मागे बसलेल्या, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींनी माना वर केल्या.

चारपैकी तीन मतं कुठेच गेली नव्हती. चौथं मात्र खरंच गेलं होतं, आणि हे प्रकरण त्या चौथ्याचं आहे. केंद्र आणि त्यातले आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत. नियम, नमुने आणि पद्धत मात्र २० नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत होती तीच. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथले नमुने वेगळे, व्हीव्हीपॅट (दिलेलं मत कागदावर छापून दाखवणारं यंत्र) नाही आणि बहुसदस्यीय प्रभागात एकच मतदार अनेक मतं देतो. तेव्हा इथला हिशोब तिकडे जसाच्या तसा लावू नये.

पथक

आपल्याकडे मतदान अधिकारी व्हायला अर्ज करत नाहीत, आदेश येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ च्या कलम १५९ खाली कार्यालयांकडून कर्मचाऱ्यांच्या याद्या मागवल्या जातात. मग संगणकावर सरमिसळ होते, म्हणजे रँडमायझेशन. ते तीन टप्प्यांत चालतं: आधी माणसांची निवड, मग पथकं आणि मतदारसंघ, आणि अगदी शेवटी केंद्र. त्यामुळे साहित्य घ्यायला जाईपर्यंत आपण कुठल्या गावाला जाणार हे कळत नाही. ज्या मतदारसंघात राहतो किंवा नोकरी करतो तिथे नेमणूक देत नाहीत. आदेश नाकारला किंवा विनाकारण गैरहजर राहिलं तर कलम १३४ आहेच. त्यातला दंड किरकोळ असतो, खात्याची कारवाई मात्र जिव्हारी लागते.

या केंद्रावरचं पथक नेहमीसारखंच, एकमेकांना आदल्या दिवसापर्यंत न ओळखणारं. केंद्राध्यक्ष माध्यमिक शाळेतले शिक्षक, त्यांची ही तिसरी निवडणूक. पहिल्या मतदान अधिकारी बँकेतल्या. दुसऱ्या टेबलावर जिल्हा परिषद शाळेतल्या बाई आणि तिसऱ्यावर पाटबंधारे खात्यातला तरुण लिपिक, दोघंही नवे. शिवाय एक शिपाई, एक पोलीस आणि बाहेर मतदार यादी घेऊन बसलेले बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. यादीत १,१४२ मतदार. शाळेचा एक वर्ग, एक दार आत यायला, एक बाहेर जायला.

नव्या माणसांची सगळी भीती मशीनची असते. प्रशिक्षणातही बीयू (बॅलट युनिट, ज्यावर मतदार बटण दाबतो) व्हीव्हीपॅटला आणि व्हीव्हीपॅट सीयूला कसं जोडायचं यावरच हात बसवून घेतला जातो, आणि ते योग्यच आहे. व्हीव्हीपॅटच्या मागची पेपर रोलची खुंटी आडवी म्हणजे प्रवासात, उभी म्हणजे कामाला. ती आडवीच ठेवून मशीन सुरू करणारे दरवेळी निघतात. व्हीव्हीपॅटवर थेट उजेड पडला तरी ते रुसतं, म्हणून मतदान कक्ष, म्हणजे मत देण्याचा आडोसा, खिडकीजवळ किंवा बल्बखाली मांडत नाहीत. पण मशीनचा बिघाड निदान दिसतो. पडद्यावर संदेश येतो, झोनल (क्षेत्रीय) अधिकारी राखीव मशीन घेऊन येतात. दोन टेबलांमध्ये जे निसटतं त्याला दिवा नाही की शिट्टी नाही.

तीन टेबलं आणि एक चिठ्ठी

मतदार आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतचा प्रवास पाहू, कारण फरक या रस्त्यावरच कुठेतरी पडलेला असतो.

पहिल्या टेबलावर यादीची चिन्हांकित प्रत. मतदाराचा यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे प्रतिनिधींना ऐकू जातं, ओळखपत्र पाहायचं, नावावर लाल शाईने खूण करायची. स्त्री मतदाराची खूण वेगळी, म्हणजे संध्याकाळी स्त्री-पुरुष आकडे काढताना डोकं फुटत नाही. बीएलओने घरोघर वाटलेली मतदार माहिती चिठ्ठी हा ओळखीचा पुरावा धरत नाहीत, ती नुसती वाट दाखवते.

दुसऱ्या टेबलावर डाव्या तर्जनीला शाई, १७-अ मध्ये नोंद आणि मतदार चिठ्ठी. नोंदवहीत पाच रकाने: अनुक्रमांक, यादीतला क्रमांक, ओळखीच्या कागदाचा तपशील (मतदार ओळखपत्र असेल तर नुसतं ‘ईपी’, दुसरा कागद असेल तर त्याचे शेवटचे चार आकडे), सही किंवा अंगठा, आणि शेरा. तो पाचवा रकाना दिवसभर कोरा राहतो म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. मतदार चिठ्ठी हा बोटाएवढा कागद. त्यावर १७-अ मधला अनुक्रमांक, यादीतला क्रमांक आणि अधिकाऱ्याची लघुसही. हिचं नाव बीएलओच्या चिठ्ठीसारखंच असल्याने गोंधळ होतो. काही मतदार तिसऱ्या टेबलावर घरून आणलेली चिठ्ठी पुढे करतात आणि नवा अधिकारी ती घेतोही.

तिसऱ्या टेबलावर कंट्रोल युनिट. अधिकाऱ्याने चिठ्ठी घ्यायची, तिचा क्रमांक पाहायचा, शाई पाहायची आणि मगच ‘बॅलट’ दाबायचं. सीयूवर ‘बिझी’ दिवा लागतो. मतदार आत बटण दाबतो, उमेदवारासमोर लाल दिवा लागतो, व्हीव्हीपॅटच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसून खाली पडते, लांब ‘बीप’ वाजतो आणि ‘बिझी’ विझतो. त्यानंतरच पुढचा मतदार.

मतदान १७-अ मधल्या क्रमाने व्हायला हवं. म्हणून तिसऱ्या टेबलावर ४३० नंतर ४३१ चीच चिठ्ठी आली पाहिजे. प्रशिक्षणात ही गोष्ट एका वाक्यात सांगून होते आणि तिथल्या मशीनच्या गर्दीत विरून जाते.

चारचा फरक एकवर

केंद्राध्यक्षांनी पहिली गोष्ट केली ती दुसऱ्या मतदान अधिकाऱ्यांचा पेन खाली ठेवायला सांगितला. एक मिनिट नवी नोंद नाही. नोंदवहीत नाव चढलंय, चिठ्ठी हातात आहे, पण मत अजून दिलेलं नाही, असे तीन मतदार दोन टेबलांमध्ये उभे होते. त्या तिघांचं मतदान होऊ दिलं. ‘बिझी’ विझला आणि मग ‘टोटल’ दाबलं: ४६७.

ताळा घ्यायचा तो असाच. ‘बिझी’ लागलेला असताना ‘टोटल’ दाखवतही नाही, आणि वाटेतली माणसं मोकळी केल्याशिवाय घेतलेला आकडा नुसती घबराट पसरवतो. नऊ वाजता या केंद्रावर ११८ आणि ११८, अकराला २९७ आणि २९७ असं जुळलं होतं. त्या वेळी दुसऱ्या टेबलापुढे नेमकं कुणी उभं नव्हतं, म्हणून ही खोच कुणाच्या ध्यानात आली नाही. नशिबाने जुळलेला ताळा पुढच्या ताळ्याला दगा देतो तो असा.

आता उरला एकचा फरक. तोही ११ ते १ या दोन तासांतला, म्हणजे २९८ ते ४६८ या १७१ नोंदींमधला. ताळा दर तासाला घेतला असता तर शोध निम्म्यावर आला असता. भारत निवडणूक आयोगाला आकडा दर दोन तासांनी लागतो म्हणून आपणही दोन तासांनीच पाहायचं असं कुठे म्हटलेलं नाही.

रांग थांबवली नाही. फरक पडला म्हणून मतदान थांबवणं ही नव्या केंद्राध्यक्षांची हमखास चूक. प्रतिनिधींना तोंडी सांगितलं की नोंदवहीत एक जास्त दिसतोय, शोधतो आहोत. लपवलं असतं तर त्यांनी तो आकडा बाहेर नेला असता, आणि पाच मिनिटांत शाळेच्या फाटकावर ‘मशीन मत खातंय’ अशी आवई उठली असती.

कारणं कोणत्या क्रमाने तपासली

नोंदवहीत जास्त आणि मशीनवर कमी, ही दिशा आधी पक्की केली. उलट असतं, म्हणजे मशीनवर जास्त, तर संशय वेगळीकडे गेला असता: मॉक पोलची मतं पुसली नाहीत, चिठ्ठी न घेता ‘बॅलट’ दाबलं, किंवा एखादी नोंद करायची राहिली. मॉक पोलचा प्रश्न इथे नव्हता. मतदानाच्या दीड तास आधी, साडेपाचला, प्रतिनिधींसमोर ‘नोटा’सह प्रत्येक उमेदवाराला मतं टाकून किमान ५० ची चाचणी झाली होती. क्लोज, रिझल्ट, क्लिअर या क्रमाने बटणं दाबून सीयू शून्यावर आणलं होतं. व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून, मागे शिक्का मारून काळ्या पाकिटात बंद केल्या होत्या आणि रिकामी पेटी दाखवून मॉक पोलच्या प्रमाणपत्रावर सह्या घेतल्या होत्या. शिवाय अकरापर्यंत आकडे जुळत होते. मॉक पोलची मतं राहिली असती तर फरक पहिल्या ताळ्यालाच दिसला असता, आणि तोही ५० च्या घरातला.

मग नोंदवहीचे अनुक्रमांक. सगळ्यात जास्त फरक इथेच निघतात आणि ते निरुपद्रवी असतात. पान उलटताना ३६० नंतर ३६२ लिहिलं जातं, किंवा एकच क्रमांक दोनदा पडतो. म्हणून आधी पानांचे सांधे पाहायचे: मागच्या पानाची शेवटची आणि पुढच्या पानाची पहिली ओळ. मग प्रत्येक पानावरच्या ओळी मोजायच्या. केंद्राध्यक्षांनी स्वतः पाहिलं, दुसरा अधिकारी लिहीत असताना वही काढून घेता येत नाही, म्हणून दोन मतदारांच्या मधल्या वेळेत मागची पानं उलटत. क्रमांक सलग होते. प्रत्येक ओळीवर सही किंवा अंगठा होता.

पुढे प्रदत्त मत, म्हणजे आपल्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय असं सांगणाऱ्या खऱ्या मतदाराला नियम ४९-पी खाली दिलेली कागदी मतपत्रिका. त्याची सही १७-ब मध्ये घेतात, १७-अ मध्ये नाही. नवा अधिकारी सवयीने १७-अ मध्येच नाव चढवतो आणि नोंदवही एकने फुगते. इथे एकाही प्रदत्त मतपत्रिकेचं वाटप झालेलं नव्हतं.

चाचणी मतही नव्हतं. असतं तरी त्याने फरक पडत नाही, हे पुष्कळ अनुभवी लोकांनाही पटकन सांगता येत नाही. व्हीव्हीपॅटवर चुकीचं चिन्ह छापलं अशी तक्रार मतदाराने लेखी घोषणापत्रासह केली, तर नियम ४९-एमए प्रमाणे १७-अ मध्ये त्याची दुसरी नोंद करून चाचणी मत देऊ देतात. नोंदवहीत एक वाढतो, मशीनवरही एक वाढतो. ते मत पुढे वजा करायचं असतं, पण तो हिशोब मोजणीचा.

मशीन बदललेलं असतं तर दोन्ही सीयूंचे आकडे मिळवायला लागले असते. तसंही काही झालं नव्हतं. मतदान प्रक्रिया मोडली म्हणून केंद्राध्यक्षांनी कुणाला मत देण्यापासून रोखलं (४९-एम) किंवा सही करून कुणी ‘मत द्यायचं नाही’ म्हणालं (४९-ओ), तर त्याचा शेरा पाचव्या रकान्यात असायला हवा. रकाना कोरा.

राहिल्या चिठ्ठ्या.

४३१

तिसऱ्या अधिकाऱ्याने चिठ्ठ्या एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकल्या होत्या, जशा आल्या तशा. हेच सकाळपासून पन्नास-पन्नासचे गठ्ठे करून रबर लावलं असतं तर काम दोन मिनिटांचं होतं. इथे १७० चिठ्ठ्या क्रमाने लावायला केंद्राध्यक्षांना पंधरा मिनिटं लागली. ४२८, ४२९, ४३०, ४३२. मधली नाही.

चिठ्ठी तिसऱ्या टेबलापर्यंत पोहोचलीच नाही, म्हणजे मशीनवर शंका घ्यायला जागा उरली नाही. चिठ्ठ्या पूर्ण ४६८ निघाल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. मग चिठ्ठी देऊन, ‘बॅलट’ सुटल्यावर कुणीतरी बटण न दाबता कक्षातून निघून गेलं असतं, ‘बिझी’ तसाच राहिला असता आणि मागून आलेल्याने त्याच सुटलेल्या ‘बॅलट’वर मत दिलं असतं. दोन्ही प्रकारांत आकडा एकनेच कमी दिसतो. कोणता प्रकार घडला ते फक्त चिठ्ठ्या सांगतात, आणि म्हणून त्या कचरा नव्हेत.

१७-अ मध्ये ४३१ वी ओळ पाहिली. यादीतला क्रमांक, ‘ईपी’, आणि सहीच्या जागी अंगठा. ठसा थोडा फिसकटलेला, बोट कागदावर फिरलेलं. चिन्हांकित प्रतीत त्या क्रमांकावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी. पुढची ४३२ वी ओळ त्यांच्याच घर क्रमांकातली, सून. एका प्रतिनिधीला आठवलं: आजी अंगठा देऊन दाराजवळच्या बाकावर टेकल्या होत्या, सून मत देऊन आली आणि दोघी गेल्या. शाई लागली, अंगठा झाला, हातात कागद मिळाला. आजींच्या लेखी मतदान झालेलं होतं. मतपत्रिकेच्या काळात पहिल्यांदा मत दिलेल्या पिढीला हातात कागद मिळणं आणि मत देणं यांतलं अंतर एवढं मोठं वाटत नाही, यात नवल काही नाही.

दोष आजींचा नाही. तो ४३० नंतर ४३२ ची चिठ्ठी स्वीकारणाऱ्या हाताचा आहे. बारा वाजून गेल्यावर तिसरा अधिकारी जेवायला उठला होता आणि त्याच्या खुर्चीवर स्वतः केंद्राध्यक्ष बसले होते. मतदानाला मधली सुट्टी नसते, आळीपाळीने जेवावं लागतं आणि अशा वेळी केंद्राध्यक्षांनीच मध्ये बसणं योग्य. पण त्याच वेळी झोनलचा फोन आला. एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने चिठ्ठी. क्रमांक वाचलाच गेला नाही. पहिल्यांदा कामाला आलेल्या दोघांनी दिवसभर एकही चूक केलेली नव्हती. चुकला तो तीन निवडणुकांचा सराव असलेला माणूस. बॅलटच्या खुर्चीवर बसलेलं असताना केंद्राध्यक्षांनी पोर्टलवर आकडे भरू नयेत आणि फोन घेऊ नये, एवढं एक पथ्य पाळलं असतं तरी पुरलं असतं.

काय करायचं नाही

दुपारी दीडच्या सुमारास अशा केंद्रावर तीन सल्ले हमखास ऐकू येतात. पहिला, कुजबुजत: ‘एक मत टाकून टाका, जुळून जाईल.’ हा सरळ गुन्हा आहे. निवडणूक कर्तव्यावरच्या अधिकाऱ्याने असा अपराध केला तर कलम १३६ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि जुळवून मिळवायचं काय? फरक हा अपराध नाही. त्याची नोंद न करणं हा अपराध.

दुसरा सल्ला नोंदवहीत खाडाखोड करायचा: ४३१ वर काट मारा आणि पुढचे क्रमांक सरकवा. मग ४३२ पासूनच्या प्रत्येक चिठ्ठीवरचा क्रमांक नोंदवहीशी विसंगत होतो. एक फरक झाकायला किमान सदतीस तयार करायचे.

तिसरा सल्ला भल्या मनाचा असतो. ‘आजी इथंच राहतात, गाडीवरून घेऊन येतो,’ एक प्रतिनिधी म्हणाला. केंद्राध्यक्षांनी नको म्हटलं. मतदाराला आणायला पक्षाच्या माणसाला पाठवणं म्हणजे उरलेल्या प्रतिनिधींच्या हातात आयती तक्रार देणं. आमच्या मते केंद्राध्यक्षाचं काम वर्गाच्या चौकटीत संपतं. झोनल अधिकाऱ्यांना कळवावं, ते सांगतील तसं वागावं, आणि ते फोनवर काय बोलले ते वेळेसह डायरीत लिहावं.

आजी आपणहून परत आल्या असत्या तर? त्यांना परत पाठवायचं कारण नव्हतं. अंगठा त्यांचाच, मत दिलेलं नाही, चिठ्ठी हाती. क्रम काही अटळ कारणाने मोडला तर प्रत्यक्षात कितव्या क्रमांकावर मत दिलं ते त्या मतदाराच्या नोंदीसमोर, आणि ज्यांचा क्रम त्यामुळे बदलला त्यांच्या नोंदींसमोर, शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं अशी तरतूद आहे. ती वापरायची वेळ इथे आली नाही. आजी आल्या नाहीत.

पावणेदोनला केंद्राध्यक्षांनी ४३१ समोर शेरा लिहिला: ‘मत न देता निघून गेल्या’, खाली सही आणि वेळ. ४९-ओ मध्ये अशा शेऱ्यावर मतदाराची सही किंवा अंगठा घ्यायचा असतो. मतदारच समोर नसल्याने तसं डायरीत नमूद केलं.

मग कामाची पद्धत बदलली. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेताना क्रमांक मोठ्याने म्हणू लागला: ‘चारशे ब्याऐंशी.’ दुसऱ्या टेबलावरच्या बाईंच्या कानावर तो पडायचा आणि त्यांच्या पेनाखालच्या आकड्याशी मनातल्या मनात जुळायचा. दाराजवळचा बाक शिपायाने व्हरांड्यात नेला, पहिल्या टेबलाच्या अलीकडे. वृद्धांनी बसायचं ते नाव वाचण्याआधी; शाई लागल्यानंतर मध्ये थांबायची सोय नको. आणि ताळा दर तासाला, वाट मोकळी करून.

तीनला ५९६ आणि ५९५. पाचला ७४२ आणि ७४१. एकचा फरक तेवढाच राहिला. वाढला असता तर काळजी होती.

सहा वाजता

सहाला दार बंद करताना आवारात १४ माणसं रांगेत होती. क्रमांक टाकलेल्या, सही केलेल्या चिठ्ठ्या शेवटच्या माणसापासून सुरू करून पुढे वाटत आणायच्या. पुढून वाटत गेलं की मागे माणसं वाढत जातात. चौदाही जणांचं मतदान सहा वीसपर्यंत उरकलं.

शेवटच्या मतदाराकडे डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं. त्याच्यासाठी ‘बॅलट’ सोडलं आणि तो मत न देता गेला तर ‘बिझी’ लागलेलाच राहतो आणि ‘क्लोज’ चालत नाही. पुढचा मतदार नसल्याने ते ‘बॅलट’ वापरलंही जात नाही. अशा वेळी सीयूचं मागचं बटण बंद करायचं, व्हीव्हीपॅट सीयूपासून सोडवायचं आणि सीयू पुन्हा सुरू करायचं. दिवा विझतो, ‘क्लोज’ चालतं. घाबरून तिथे स्वतः बटण दाबून ‘बिझी’ घालवणारे अधिकारी झालेले आहेत. त्यांचं पुढे काय होतं ते वर सांगितलंच.

इथे शेवटचा मतदार नीट मत देऊन गेला. केंद्राध्यक्षांनी ‘टोटल’ पाहिलं, प्रतिनिधींना दाखवलं, ‘क्लोज’ दाबलं. पडद्यावरचा आकडा ८१०. नोंदवहीतली शेवटची ओळ ८११. तिच्याखाली रेघ मारून ‘शेवटचा अनुक्रमांक ८११’ असं लिहून केंद्राध्यक्षांची आणि प्रतिनिधींची सही.

आता नमुना १७-क, म्हणजे नोंदवलेल्या मतांचा हिशोब, भाग एक. नव्यांनी हा नमुना आदल्या रात्री मुक्कामी एकदा कच्चा भरून पाहावा; साडेसहाला भुकेल्या पोटी पहिल्यांदा वाचायचा कागद नाही तो. बाब १, केंद्रावरचे मतदार: १,१४२. बाब २, नोंदवहीप्रमाणे मतदार: ८११. बाब ३, नियम ४९-ओ प्रमाणे मत न देणारे: १. बाब ४, ४९-एम खाली रोखलेले: ०. बाब ५, चाचणी मतं: निरंक. बाब ६, मशीनप्रमाणे मतं: ८१०. बाब ७ विचारते की सहाव्या बाबीचा आकडा दुसऱ्यातून तिसरा आणि चौथा वजा करून येणाऱ्या आकड्याशी जुळतो का. ८११ मधून १ गेला, ८१०. जुळतो.

फरक दुपारी शोधला नसता तर बाब ३ मध्ये शून्य पडलं असतं आणि बाब ७ मध्ये ‘तफावत १’. तेही चालतं, नियमात तफावत लिहायची जागा आहे. फक्त मग कारण द्यायला हातात काही नसतं आणि ८१० चिठ्ठ्या पेट्रोमॅक्सच्या नाहीतर टॉर्चच्या उजेडात लावत बसावं लागतं, बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न देत असताना.

एका प्रतिनिधीने बाब ३ मधल्या ‘१’ वर बोट ठेवलं. त्याला नोंदवहीतली ४३१ वी ओळ, शेरा आणि ४३० व ४३२ च्या चिठ्ठ्या दाखवल्या. त्याने १७-क ची प्रत घेतली, पोच दिली. हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला ती प्रत द्यायचीच असते, मागितली नाही तरी.

डायरीतली नोंद अशी होती:

‘दु. १.०० वा. ताळा घेता १७-अ प्रमाणे ४६८ व सीयूप्रमाणे ४६७. चिठ्ठ्या क्रमाने लावता अनु. ४३१ ची चिठ्ठी नाही. सदर मतदार अंगठा देऊन व शाई लावून घेऊन मत न देता केंद्राबाहेर गेल्याचे दिसून आले. उपस्थित प्रतिनिधींना दाखवले. क्षेत्रीय अधिकारी यांना १.३५ वा. दूरध्वनीवरून कळवले. १७-अ मध्ये शेरा घेतला. मतदार स. ६.०० पर्यंत परत आले नाहीत.’

‘स. ६.००’ म्हणजे सकाळ की सायंकाळ असं संकलन केंद्रावरच्या लिपिकाने विचारलं, आणि केंद्राध्यक्षांनी तिथल्या तिथे ‘सायं.’ करून बाजूला सही केली. रात्री पावणेअकराला त्या टेबलावर आधी यंत्रं मोजून घेतली गेली, मग १७-क, मग पाकिटं. डायरी आणि १७-अ छाननीच्या पाकिटात, कारण दुसऱ्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी आणि निरीक्षक ती उघडून पाहणार. पोच मिळाली आणि पथक मोकळं झालं.

२३ नोव्हेंबरला मतमोजणीच्या टेबलावर या केंद्राचं सीयू आलं तेव्हा शेजारी १७-क होताच. पडद्यावरचा ८१० हा आकडा बाब ६ मधल्या ८१० शी ताडून पाहिला गेला आणि ‘रिझल्ट’ दाबलं गेलं.